भागूबाईच्या बांगड्या

औरंगपुऱ्यातल्या त्या मुलींच्या शाळेत भिंतीवरची घड्याळे तीन होती आणि तिघांचे एकमेकांशी पटत नसे. शाळा चालायची ती भागूबाईच्या टोलांवर. व्हरांड्याच्या टोकाला तुळईवरून आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा साखळीने टांगलेला होता आणि त्यावर हातोडा घालण्याचे काम सत्तावीस वर्षे भागूबाईकडे होते. उभे राहायला जागा एकच, खांब आणि रूळ यांच्या मधली. तिथे उभे राहिले की रूळ डाव्या कानापासून वीतभर अंतरावर येई. दिवसातून अकरा वेळा टोल, शनिवारी सहा. पहिल्या टोलाला कोपऱ्यावरचा रसवंतीवाला दुकान उघडे आणि शेवटच्या टोलाला रिक्षावाले फाटकाशी रांग धरीत.

१९९१ सालच्या डिसेंबरची दोन तारीख, सोमवार. मधली सुट्टी संपल्याचा टोल देऊन भागूबाई हातोडा खुंटीला लावत होती, तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या जाहेदाबाई हातात एक टाइप केलेला कागद घेऊन आल्या.

"भागूबाई, तुम्ही कन्नडकडच्या ना?"

"कन्नडच्या म्होरं, बाई. जांभळीची मी. घाटाच्या कडंला."

"मग गौताळ्याचं जंगल माहीत असेल."

"सासर माहीत व्हायच्या आधी ते माहीत झालं मला," भागूबाई म्हणाली.

गौताळ्याच्या अभयारण्यात शाळेच्या मुलींसाठी तीन दिवसांचे शिबिर होते, संक्रांतीनंतरच्या शुक्रवारपासून रविवारपर्यंत. आठवीच्या चोवीस मुली जायच्या होत्या. प्राणी पाहायचे, त्यांना त्रास न देता कसे पाहायचे ते शिकायचे, जंगल का राखायचे ते समजून घ्यायचे, असा बेत होता. मुलींची दीड महिना तयारी करून घ्या, असे कागदात होते. मुख्याध्यापिकांची, म्हणजे मोठ्या बाईंची, अट एकच होती. जंगलाची माहिती असलेली शाळेतली एक बाई सोबत पाहिजे.

जाहेदाबाईंनी कार्यक्रम वाचून दाखवला. शनिवारी पहाटे, उजाडायच्या आधी, आसराच्या झऱ्यावर गुपचूप बसून निरीक्षण, हे ऐकल्यावर भागूबाईने पदराने तोंड पुसले आणि तेवढी ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

तो झरा तिचा होता. कपारीखाली शेंदूर लावलेले सात दगड, साती आसरा, आणि वरून दगडाच्या खळग्यात पडणारी पाण्याची करंगळीएवढी धार. आई तिला पहाटे घागर देऊन पाठवी. अंधारात वाट दिसत नसे. झरा कानाने सापडे. उभे राहायचे, श्वास धरायचा, धार कुठून वाजते ते ऐकायचे आणि तिकडे चालायचे. निजामाचे राज्य गेले त्या पोलीस ॲक्शनच्या साली ती नऊ वर्षांची होती. त्या साली जांभळीत पोलीस आले नाहीत, फक्त शिकारी यायचे थांबले, आणि दोन वर्षांनी दुसरे शिकारी यायला लागले. तिचा बाप दोन्ही शिकाऱ्यांच्या हाक्यात होता. हाका म्हणजे माणसांची रांग करून डबे बडवत, ओरडत जनावर बंदुकीपुढे काढायचे. चौदाव्या वर्षी भागूबाईचे लग्न झाले आणि ती शहरात आली. आई गेली, भाऊ घर विकून चाळीसगावला गेला, मग अभयारण्य झाले आणि परवानगीशिवाय आत जाता येईना. अडतीस वर्षांत तिने तो झरा पाहिला नव्हता. आता शाळाच तिला तिथे नेऊन बसवणार होती.

"येईन मी, बाई," ती म्हणाली. "पोरींना तयार करायचं माझ्याकडं लागलं."

तयारी दर शनिवारी, शाळा सुटल्यावर, मागच्या पटांगणात. पालकांना चिठ्ठ्या गेल्या होत्या की कपडे मळखाऊ रंगाचे हवेत, नवे नकोत, पावडर नको, वासाचे तेल नको, पैंजण आणि बांगड्या नकोत. एका आईने उलट चिठ्ठी पाठवली, की आमच्या घरची मुलगी चार लोकांत जुन्या कपड्यांत जाणार नाही. दुसरीने मुलीला जंगलाचे म्हणून पोपटी रेशमी पोलके शिवून आणले.

भागूबाईने ते पोलके हातात घेऊन पाहिले. "झ्याक हाय. पण जानेवारीत तिथं समदं वाळलेलं असतंय. ह्यात तू अशी दिसशील, जसा भाकरीवर ठेवलेला मिरचीचा ठेचा."

"मावशी, वाघ आहे का तिथं?" एकीने विचारले.

"वाघ नाय. बिबट्या हाय, अस्वल हाय, कोल्हं हायत, आन् आता तुम्ही जाणार."

तिने त्यांना चालायला शिकवले. पाय आधी बाहेरच्या कडेवर टेकवायचा, खाली काडी आहे का ते तळव्याला विचारायचे, मग भार द्यायचा. पटांगणात तिने कडुनिंबाचा वाळका पाला पसरला होता. खोकला आला तर ओढणीत, मांडीच्या दिशेने. पायावर मुंगी चढली तर चढू द्यायची. बोट दाखवायचे नाही, डोळ्यांनी दाखवायचे. हे सगळे तिने बापाकडून घेतले होते. हाक्यातली माणसे बोंबलतात ती नंतर, आधी दोन कोस चिडीचूप जाऊन जागा धरतात, हे बाहेरच्यांना माहीत नसते.

आणि सगळ्यात शेवटी ऐकणे. मुलींनी डोळे मिटून उकिडवे बसायचे. डाव्या बाजूने आलेला आवाज डाव्या हाताच्या बोटांवर मोजायचा, उजवीकडचा उजव्या हातावर, डोक्यावरचा अंगठ्यावर. जाहेदाबाईंनी पाचशेपर्यंत मनात आकडे म्हटले की डोळे उघडायचे आणि एकेकीने बोटे दुमडत सांगायचे. जाहेदाबाई वहीत लिहून घेत.

पहिल्या शनिवारी मुलींनी रिक्षा, कुकरची शिट्टी, अजान आणि रसवंतीचे घुंगरू सांगितले. शकीला नावाची एक मुलगी होती, गुलमंडीवरच्या चांदपाशा घड्याळजींची. बापाच्या मांडीला मांडी लावून घड्याळे कानाला लावायची तिला लहानपणापासून सवय. ती सगळ्यांच्या दुप्पट सांगे. उजव्या हातावर तिने कबुतरे मोजली, झाडावरची खार मोजली आणि शेवटी म्हणाली, "बांगड्या."

"खार कुठं व्हती?" भागूबाई म्हणाली. "मनचं घालू नगंस. आलं ऐकू तेवढंच सांगायचं. आन् बांगड्या कुणी घातल्यात? चिठ्ठीत काय लिहिलं व्हतं?"

दोघी-तिघींनी ओढणीखाली हात घेतले. पुढच्या खेपेला काढून यायचे ठरले.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा खार आणि पुन्हा बांगड्या. शकीलाच नव्हे, आणखी चौघींनी बांगड्या सांगितल्या. भागूबाईने सगळ्यांची मनगटे पाहिली आणि एकीच्या हातातले चांदीचे कडे काढून घेतले, जरी कडे एकटे वाजत नाही हे तिला समजत होते.

तिसऱ्या शनिवारी, एकवीस तारखेला, शकीलाने बोटे दुमडली. "डावीकडं कुणीतरी स्टोव्हला हवा भरतंय. फाटकाची कडी. उजवीकडं सायकल, खार, आणि बांगड्या."

"आता कमाल झाली. हात म्होरं करा समद्यांनी." भागूबाई रांगेतून चालत गेली. चोवीस मुली, अठ्ठेचाळीस मनगटे, एकही बांगडी नव्हती. "मग कोण वाजवतंय? झाडावरली खार?"

एक-दोघी हसल्या. शकीला उभी राहिली. "मावशी, रागवू नका. तुमच्या आहेत."

"माझ्या?"

"आत्तासुद्धा वाजतायत."

भागूबाईने खाली पाहिले. तिचा उजवा हात अजून रागाने हलत होता. मनगटात आठ हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि त्या एकमेकींवर आपटत होत्या. आपटताना तिला दिसत होत्या. आवाज येत नव्हता. तिने हात थांबवला, पुन्हा हलवला. मुलींचे डोळे हाताबरोबर हलले.

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली. "सवाष्णीला काढता येत नाय. फडकं बांधून येईन मी." आणि तिने मुलींना पुन्हा पाल्यावर चालायला लावले. जाहेदाबाई वहीत लिहीत होत्या, त्यांच्या काही लक्षात आले नाही.

गारखेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरी त्या संध्याकाळी तिचा नवरा कडूबा सुपारी कातरत बसला होता. गिरणी बंद पडल्यापासून तो घरीच असे. भागूबाई त्याच्यापुढे बसली आणि तिने हात हलवला.

"अवं, हे वाजतंय का?"

"काय?"

"बांगड्या."

"बांगड्या हायत, वाजणारच."

"तुम्हाला ऐकू येतंय?"

अडकित्ता थांबला. "मला येतंय. तुला येत नाय, हे दोन वर्सं झाली मला ठावं हाय."

"मंग बोलला का नाय?"

"बोललो व्हतो की. तुला ऐकू आलं नाय."

ती हसली नाही, तेव्हा त्याने अडकित्ता खाली ठेवला. तो उजव्या बाजूला सरकला आणि जरा मोठ्याने म्हणाला, "भागे, जाऊन ये गुमान. तीन दिसांचा तर सवाल. चोवीस पोरी हायत, त्यांचं कान तिखट. तू चालायचं, बसायचं, झरा डोळं भरून बघायचा आन् यायचं. कुणाला काय कळतंय?"

"पोरीला कळलं की."

"पोरीला बांगड्या कळल्या. कान कुठं कळलाय?"

ते खरे होते. भागूबाईने रात्रीच्या भाकरी केल्या आणि करताना तव्यावर, भांड्यावर, बरणीवर काय वाजते आणि काय वाजत नाही ते ती पाहत गेली. जाड आवाज शाबूत होते. पाट सरकला, दार लागले, कडूबा खाकरला, हे सगळे येत होते. बारीक आवाज गेले होते. चमचा पडला तो पडताना दिसला. कधी गेले हे तिला सांगता येईना. चिमण्या कमी झाल्या, असेच तिला वाटत आले होते.

तिला चुलत्याची आठवण आली. बद्रीनाथ त्याचे नाव. त्याला कमी ऐकू येई आणि त्याने ते लपवले होते, कारण हाक्याला जाणाऱ्याला पायलीभर ज्वारी मिळे. शेजारचा काय करतो ते बघून तो निभावून नेई. एकदा रांगेतून थांबायची शीळ आली, सगळे थांबले, आणि बद्रीनाथला झुडपाआड शेजारचा दिसत नव्हता. तो चालत राहिला. अस्वलाने त्याचा खांदा आणि अर्धा गाल नेला. तो जगला, पण बाप पुढे कित्येकदा म्हणे, अस्वलाची चूक नव्हती, बद्रीनाथाची नव्हती, माझी व्हती, मला ठावं व्हतं.

रविवारी एकदा पेटी उघडून तिने काळ्या मातीच्या रंगाचे एक जुने लुगडे काढले, झटकले, आणि पुन्हा घडी घालून ठेवले.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत गेली. जाहेदाबाई मुलींच्या वह्या तपासत होत्या.

"बाई, तुमच्याकडं वाजवायचं काय हाय का? बारीक?"

जाहेदाबाईंनी कारण विचारले, तिने सांगितले. त्यांनी कपाटातून नादकाटे काढले. रबरावर ठोकला की सूर धरणारे ते पोलादी दोन दातांचे काटे. मोठा काटा कानाशी धरला तेव्हा भागूबाईने मान हलवली. मधला उजव्या कानाला आला, डाव्याला नाही. सगळ्यात लहान काटा जाहेदाबाईंनी दोन्ही बाजूंना धरला, तीनदा. त्याचे दात थरथरताना भागूबाईला दिसत होते.

"टोलामुळे," जाहेदाबाई हळू म्हणाल्या. मग लक्षात येऊन उजवीकडे आल्या आणि पुन्हा म्हणाल्या.

"आसंल."

"पण त्यामुळे तुम्ही येऊ नये असं काही नाही. मी आहे ना बरोबर. मी पुढे राहीन, तुम्ही मागे. मोठ्या बाईंना सांगायची गरज नाही."

"बाई, तुम्ही कधी रांगेच्या मागं चाललाय?"

"नाही."

"म्होरचा डोळ्यानं चालतो. मागचा कानानं चालतो. एखादी पोर लघवीला बसली, पाय मुरगळून बसली, तर ती काय आरडत नाय. लाजतात पोरी. 'मावशी' म्हणती, बारीक आवाजात. ते मला येणार नाय." तिने लहान काटा उचलून पाहिला आणि परत ठेवला. "शकीलाच्या खारी मी खोडल्या, बाई. तीन शनिवार. खार व्हती तिथं."

मोठ्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. त्या कठोर नव्हत्या, नेमक्या होत्या. जंगलाची माहिती वनरक्षकाकडे असेल, तेव्हा भागूबाईच्या जागी दुसरी सेविका मनकर्णाबाई जाईल, भागूबाईने कान डॉक्टरला दाखवावेत, आणि तोवर टोल मनकर्णाबाईने द्यावा, असे त्यांनी सांगितले.

"टोल राहू द्या माझ्याकडं," भागूबाई म्हणाली. "गेलं ते गेलं. तिचे दोन्ही शाबूत हायत, ते कशाला घालवायचे? मी कापूस घालीन."

मोठ्या बाईंनी तेवढे मान्य केले.

मनकर्णाबाईचा जन्म शहरातला. तिला पालीची भीती वाटे. "भागूताई, मी काय करू जंगलात?" ती म्हणाली. "मला तर उद्यानातली माकडं बघवत नाहीत."

"तू नुसती मागं चाल आन् ऐक. पालीला घाबरतीस म्हंजी तुझं कान चांगलं हायत. पाल चुकचुकलेली पयल्यांदा तुला कळती."

उरलेले तीन शनिवार भागूबाईने चोवीसच्या जागी पंचवीस जणींना शिकवले. त्यातल्या पहिल्याच शनिवारी तिने सगळ्यांसमोर शकीलाला जवळ बोलावले. "वहीत हिच्या तिन्ही खारी घाला, बाई. मला ऐकू येत नाय बारीक. हिची चूक नव्हती." मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यातली एक म्हणाली, "मग मावशी, तुम्ही आमच्या बरोबर नाही येणार?" भागूबाई म्हणाली, "नाय. पाल्यावर चला."

त्या दिवसापासून मुली तिच्याशी बोलताना उजवीकडे येऊ लागल्या. तिने सांगितले नव्हते.

सतरा जानेवारीला, शुक्रवारी, बस सकाळी सात वाजता फाटकाशी लागली. भागूबाईने एकेक पिशवी उचलून हलवली आणि शकीलाला शेजारी उभे केले. "तू ऐक." तिळगुळाचा डबा खडखडला, तो रुमालात गुंडाळला. एका पिशवीत कंगवा आणि आरसा एकमेकांवर वाजत होते, ते वेगळे केले. पोपटी पोलके घरी राहिले होते. बस गेली तेव्हा आठवीचा वर्ग रिकामा असला तरी टोल द्यायचा होताच. भागूबाईने दोन्ही कानांत कापूस घातला आणि हातोडा घेतला.

शनिवारी पहाटे तिला जाग आली. ती अंथरुणात उठून बसली. या वेळी मुली कपारीसमोर बसल्या असतील. तिने हात मांडीवर ठेवले आणि बोटे दुमडून पाहिली, डावीकडे काय असेल, उजवीकडे काय असेल. सगळ्यात आधी पाण्याची धार, उजव्या अंगठ्याला. मग कडूबा कूस बदलून म्हणाला, "झोप की," ते तिला ऐकू आले.

सोमवारी सुट्टीत शकीला व्हरांड्यात आली. बाकीच्या मुली बिबट्याच्या ठशांची गोष्ट सांगायला मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या होत्या. शकीला खांबाशी, भागूबाईच्या उजव्या हाताला, उकिडवी बसली.

"मावशी, झऱ्यावरचं सांगू?"

"सांग. घाई नको करूस."

शकीलाने डोळे मिटले आणि डावा हात पुढे केला. "डावीकडं, लांब, मोर. एकदाच. मग वानर खाकरलं, मग सगळी वानरं. सांडूकाकांनी, म्हणजे वनरक्षकांनी, हात वर केला, पण काही आलं नाही. पाल्यात सरपटल्यासारखं काहीतरी, मनकर्णामावशींनी माझा दंड धरला. वर घुबड, उजाडेपर्यंत. उजवीकडं निलगाय पाणी प्यायली. पिताना घशाचा आवाज येतो, घटघट नाही, चोखल्यासारखा. मग दोन साळुंक्या. मग एक बारीक पक्षी, नाव नाही माहीत, तो खूप वेळ." तिने डोळे उघडले. "मनकर्णामावशी मागं राहिलेल्या दोघींना घेऊन आल्या. त्यांनी ऐकलं."

भागूबाईची बोटे मांडीवर शकीलाबरोबर दुमडत गेली होती. उजवा अंगठा तसाच उभा होता.

"आन् पाणी?"

"निलगाय प्यायली ते?"

"पडायचं. वरून खळग्यात धार पडती. कपारीतून. अंधारात त्याच्यावरच तर वाट काढायची."

शकीलाने आठवून पाहिले. "नाही, मावशी. धार नव्हती. सात दगड आहेत, शेंदूर आहे. त्यांच्यापुढं सिमेंटचं टाकं आहे. उन्हाळ्यात जनावरांना पुरावं म्हणून बांधलं, सांडूकाका म्हणाले. नळी लावून पाणी आतल्या आत टाक्यात येतं. वाजत नाही."

"तू नीट ऐकलंस?"

"मी तर तेच शोधत होते. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

भागूबाईने अंगठा मिटला. पटांगणात मुली पळत होत्या. त्यांची तोंडे उघडत-मिटत होती, त्यातले जाडसर काही तिच्यापर्यंत येत होते.

"जनावरांना पुरतंय ना?"

"भरलेलं होतं टाकं. काठाला खूप खूर उमटलेले होते."

"मग बरंच केलं म्हणायचं. मी आले असते शकीला, तर बसले असते तिथं कान देऊन. आन् काय म्हणाले असते ठावं हाय? माझेच कान गेले, म्हणून धार ऐकू येत नाय. जल्मभर तेच धरून बसले असते."

शकीला खांबाला टेकली.

"ती नळी कुठून घातलीय? कपारीच्या वरनं का आतनं?"

"विचारलं नाही."

"पुढच्या वर्सी आठवी जाईल, त्यांच्यातल्या एकीला सांगून ठेव. विचारायचं. आन् तो बारीक पक्षी, खूप वेळ बोलणारा. काळा का?"

"काळा. शेपटी अशी वर. खाली तांबडी."

"चिरक ती. आसराच्या दगडावर बसती. अजून हाय म्हणायची." भागूबाई उठली, पदराच्या गाठीतून कापूस काढून तिने दोन बोळे वळले. "व्हय बाजूला. टोल देते. आन् तू तिकडं खांबाच्या पल्याड हो, कान झाक."

शकीला पलीकडे गेली आणि तिने दोन्ही हातांनी कान झाकले. भागूबाईने ते नीट पाहून घेतले, मगच हातोडा उचलला.